लव्हाळ्यांआडचे सरोवर

पूर्वी काशीत एक धर्मशील राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सरोवराकाठच्या चटई विणणाऱ्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव वेणुक. त्याच्या हातच्या चटईवर प्रसन्न होऊन राजाने सरोवराचा अवघा काठ त्याला दिला होता. काठाच्या वरच्या अंगाला श्रीमंतांची लाकडी घरे होती. ते उन्हाळ्यापुरते तिथे राहत. वेणुकाने काठावर कुणाला अडवले नाही. म्हशी पाण्यावर येत, मुले डुंबत, चटईवाले लव्हाळे कापून नेत.

एकदा त्यांच्यातला सोमिल नावाचा व्यापारी वेणुकाच्या दारी आला. वेणुकाची बायको भद्रिका ओसरीवर विणत बसली होती.

"दिवसभर घरापुढून म्हशी जातात," सोमिल म्हणाला. "काठ मला दे, माझी आमराई तू घे. दोनशे झाडे आहेत."

भद्रिकेचा हात थांबला. लहानपणापासून ती लोकांच्या झाडाखालचे पडके आंबेच वेचत आली होती.

"श्रेष्ठी, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुंपण घालून पाहा," वेणुक म्हणाला. "आम्ही कुणी आत येणार नाही. मग बोलू."

सोमिल गेल्यावर भद्रिका म्हणाली, "तुम्हाला आंबा आवडत नाही हे आधी कळलं असतं, तर मी लग्नच केलं नसतं!"

"आवडतो गं," वेणुक हसला. "पण हा आंबा घशाखाली उतरायचा नाही."

सोमिल बाजारात मोठा चतुर. पण लव्हाळे गुडघाभरच वाढतात, अशी त्याची समजूत होती. दरवर्षी कापणी आटोपल्यावरच तो तिथे येई, त्यामुळे कापणारे हात त्याने कधी पाहिलेच नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात तो आला, तेव्हा घरापुढे पुरुषभर उंचीची हिरवी भिंत उभी होती. सरोवर दिसेना. काठची वाट बुजली होती. त्याची म्हातारी आई रोज त्या वाटेने टोकाच्या घरातल्या मैत्रिणीकडे जात असे. आता ती कुंपणाशी उभी राहून ओरडत होती.

"अगं मालिनी, गुडघा कसा आहे?"

"मोठ्यानं बोल!"

"किती ओरडू? पूर्वी तुझ्या ओसरीवर बसून भांडायचे. आता भांडायलाही दूत पाठवू का?"

बाहेरच्या रस्त्याने वेणुकाबरोबर चाललेली भद्रिका हे ऐकून थांबली. तिला हसू आले, पण मग ती बुजलेल्या वाटेकडे पाहत राहिली.

सोमिल खाली मान घालून पुढे आला. "वेणुका, काठ तुझ्याकडेच राहू दे. आमच्या घरांपुढचे तेवढे कापून दे आणि आमराई घे."

वेणुकाने भद्रिकेकडे पाहिले. आमराई आता काठ न देताच मिळत होती.

"नको," ती म्हणाली. "मग जो देईल त्याच्याच घरापुढे कापावं लागेल. कुंपण काढा, एवढं पुरे."

पदर खोचून ती विळा घेऊन लव्हाळ्यांत शिरली. मागून वेणुक आला, मग इतर चटईवाले. शेवटी सोमिलही.

त्याच आठवड्यात वेणुकाने राजाकडे जाऊन मिळालेले दान परत केले आणि काठ सर्वांचा म्हणून जाहीर करवला.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा आनंद होता, सोमिल उदायी, त्याची आई महाप्रजापती गौतमी आणि भद्रिका राहुलमाता. वेणुक मीच होतो. हातचे सर्वांसाठी मोकळे सोडणे, ही त्या जन्मातली दानपारमिता."