शेवरवाडीच्या साकवाची शेवटची पट्टी

"पण बाई, माझ्या ठिपक्यांत चूक काढून दाखवा ना!"

वैजनाथचा आवाज चढला होता. विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवलेला गडी, आणि दोन पट्ट्या यंत्रात ताणून तोडल्या तरी हाती काही म्हणून लागलं नव्हतं.

मुकादमबाई चहा ढवळत राहिल्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं लोखंड ताणलं होतं. त्यांना कसली घाई?

शेवरवाडीच्या लोखंडी साकवाला, खाडीवरच्या त्या पायपुलाला, भेगा गेल्या होत्या. साकव बंद झाला, आणि वाडीतली पोरं खाडीला वळसा घालून दीड तास चालत शाळा गाठू लागली. साकव दुरुस्त करायचा की भंगारात काढायचा, ते त्यातूनच कापून आणलेल्या तीन भेगाळ पट्ट्यांवर ठरणार होतं. आता एकच उरली होती.

रीत तशी सोपी. पट्टीला पांढरा रंग द्यायचा, वर काळे ठिपके काढायचे. यंत्र पट्टी ताणतं, कॅमेरा फोटो घेत राहतो, आणि कुठला ठिपका किती हलला यावरून भेगेजवळचं लोखंड किती ताणलं ते संगणक सांगतो.

वैजनाथने ठिपके साचा ठेवून काढले होते. रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, ओळीत, सारख्या अंतरावर. बघून त्याचा त्यालाच अभिमान वाटायचा.

बाईंनी एका कागदाला मधोमध चौकोनी खिडकी कापली आणि तो पट्टीवर ठेवला.

"यातला एक ठिपका निवड."

त्याने मधल्यावर बोट ठेवलं.

"आता डोळे मीट..."

त्याने मिटले. टेबलावर काहीतरी घासल्यासारखं झालं.

"उघड. कुठे आहे तुझा ठिपका?"

"हा काय, इथेच! पट्टी हललीच नाही."

"मी ती एक घर सरकवली."

वैजनाथने खिडकीतून पुन्हा पुन्हा पाहिलं. शेजारचा ठिपका त्याच्या ठिपक्याच्या जागी येऊन बसला होता, आणि दोघांत तसूभर फरक नव्हता.

"संगणकालाही एका वेळी एवढ्याच खिडकीतून दिसतं. तोही असाच फसतो," बाई म्हणाल्या, आणि थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने त्यांनी सगळे ठिपके पुसून टाकले.

"बाई! दोन दिवस खपलो होतो मी!"

"हो ना..."

पांढरा रंग पुन्हा दिला. तो वाळल्यावर बाईंनी त्याच्या हातात दात घासायचा एक जुना ब्रश आणि काळ्या रंगाची वाटी दिली. कसं करायचं ते त्याला कळलं, पण हात धजेना. अखेर त्याने ब्रशवरून अंगठा ओढला.

शिंतोडे उडाले. कुठे जाड, कुठे बारीक, कुठे तिघांचा घोळका, कुठे एकटाच. शाळेत वहीवर असं केलं असतं तर छडी खाल्ली असती.

बाईंनी खिडकी पुन्हा ठेवली. वैजनाथने एक ठिपका निवडला, डोळे मिटले, उघडले.

"हा!" तो ओरडलाच. "शेजारी दोन बारके आहेत ना, तो! खाली सरकलाय!"

दुपारी पट्टी यंत्रात लागली. भार चढत गेला. पडद्यावर भेगेच्या टोकापुढे लाल डाग उमटला, म्हणजे तिथलं लोखंड जास्त ताणलं होतं; तो पसरला, पण बाकीची पट्टी निळीच राहिली. साकवावर गर्दी झाली तर अशा एका पट्टीवर जेवढा भार पडेल, त्याच्या चौपट भारापर्यंत भेग पुढे सरकली नाही.

भेगांवर लोखंडी जोडपट्ट्या मारल्या तर साकव उभा राहणार होता. वैजनाथला भरून आलं, आणि ते लपवायच्या भानगडीत तो पडला नाही.

मग तो अहवाल लिहायला बसला. एक ओळ लिहिली, खोडली. पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली.

"बाई, भेग तर आहेच की हो. साकव चांगला आहे असं लिहू तरी कसं?"

बाईंनी त्याच्या खांद्यावरून कागद वाचला...

"भेग तर वाडीतल्या पोरांनाही दिसते, बाळा. उरलेलं लोखंड किती धरून आहे, तिथून सुरुवात कर."