थोरलीची दाट काकडी

एका गावात दोन जावा होत्या आणि दोघींत मिळून एकच पॉलिहाऊस होतं, म्हणजे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या छपराचं काकडीचं घर. अर्धं थोरलीचं, अर्धं धाकटीचं. त्या वर्षी भैरोबाच्या गावजेवणात कोशिंबीर वाढायचा मान त्यांच्या घराकडे आला. थोरलीनं पाटलांना शब्दच देऊन टाकला, "गावाला पुरंल एवढी काकडी मी माझ्या एकटीच्या वाट्यातनं काढते. नाही निघाली तर मान धाकटीला द्या!"

धाकटीनं दोन रोपांत हातभर अंतर सोडलं. थोरलीला ती मोकळी माती बघवेना. "एवढी जागा काय नाचायला ठेवलीस?" असं म्हणत तिनं आपल्या बाजूला वीतवीतभर अंतरावर बिया टोचल्या.

रोपं वर आली तशी धाकटी म्हणाली, "आक्का, आत्ताच एकाआड एक उपटा. मोठी झाल्यावर जमायचं नाही."

थोरलीला धक्काच बसला. "उपटू? अगं, आमच्या माहेरी पेरल्या हातानं उपटत नाहीत! असलं बोलवतं तरी कसं तुला?"

वेल वरच्या तारेला बांधलेल्या दोऱ्यांवरून सरसर चढले. थोरलीची बाजू अशी हिरवीगार झाली की पलीकडचं माणूस दिसेना. येणारे-जाणारे वाहवा करू लागले आणि बाईसाहेब भलत्याच तोऱ्यात वावरू लागल्या. पण दिसतं तसं नसतं, हे त्यांना कोण सांगणार?

गावजेवणाच्या आदल्या दिवशी थोरली टोपली घेऊन त्या दाटीत शिरली आणि जागीच थिजली. आत उजेड नाही, वारा नाही. खालची पानं पिवळी, त्यांच्यावर पिठासारखी भुरी, म्हणजे पांढरी बुरशी पसरलेली. काकड्या बोटाएवढ्या, वाकड्यातिकड्या, आणि कितीतरी तर कोवळ्या असतानाच सुकून गेलेल्या.

"अगं बाई गं! एवढ्या वेलांना एवढंच?"

घाबरून तिनं माहेरची रीत मोडली आणि दाटी कमी करायला एक वेल ओढला. त्याच्याबरोबर शेजारचा आला, त्याच्यामागून पुढचा. वेल एकमेकांत इतके गुंतले होते की बघता बघता अख्खी ओळ तारेसकट खाली कोसळली. थोरली किंचाळली. धाकटी धावत आली.

धाकटीच्या वेलांना मात्र लांब, सरळ काकड्या लोंबत होत्या. ती हळूच म्हणाली, "आक्का, माझ्यातल्या न्या. मी कुणाला सांगायची नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच काकड्यांची कोशिंबीर झाली आणि पंगत बसली. पाटलांनी वाढायची पळी थोरलीच्या हाती दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शब्द पाळलात हो वहिनी!"

थोरलीनं नुसती कोशिंबीर वाढली असती, तरी मान तिचाच राहिला असता. पण ती म्हणाली, "नाही पाटील. माझी काकडी सगळी माझ्याच हावेनं मेली. ही धाकटीची." आणि तिनं पळी धाकटीच्या हातात दिली. पंगतीतले लोक ताटावरून माना वर करून दोघींकडे बघू लागले.

तात्पर्य: वेळेवर चार रोपं उपटताना ज्याचा हात अडतो, त्याच्या हातून पुढं सगळाच मळा जातो.