दारावरचा नाल

खूप जुनी गोष्ट. पश्चिमेच्या समुद्रात एक हिरवंगार, खडकाळ बेट होतं. तिथल्या लोकांची नालावर भारी श्रद्धा. वाटेत घोड्याचा नाल सापडला की तो दारावर ठोकायचा, तोही टोकं वर करून, म्हणजे आतलं सुदैव सांडत नाही. हसू आलं ना? तुमच्या दाराला लिंबू-मिरची टांगलेली नसेल तर खुशाल हसा.

या बेटावर एक मेंढपाळ राहायचा. बायको देवाघरी गेलेली. एकुलती एक चिमुरडी लेक, आणि तिचीच छाती कफाने भरली होती. टेकडीपलीकडची औषधवाली म्हातारी घोडीवर बसून आली आणि पोरीला बघून गेली. "बदकाची चरबी कढवून उद्या सकाळी येते," म्हणाली.

सकाळी मेंढपाळाला वाटेवर नाल सापडला. त्याला आकाश ठेंगणं झालं. "आता माझी पोर बरी होणार!" म्हणत त्याने तो दारावर ठोकला आणि म्हातारीची वाट बघत बसला.

दुपार टळली, म्हातारी आली नाही. लेकीला श्वास पुरेना. तिला शेजारणीजवळ ठेवून तो टेकडीकडे धावत सुटला.

म्हातारी टेकडीच्या पलीकडच्या पायथ्याशी भेटली. औषधाची बरणी कमरेला बांधून वाटेकडेचं गवत चाचपत होती.

"लेकरा, काल तुझ्याकडून परतताना घोडीचा नाल पडला. आता ती दगडांवर पाऊलच टाकीना. लोहाराकडे लोखंड नाही, म्हणून सकाळपासून तोच शोधतेय. चालत यावं तर गुडघे साथ देत नाहीत. तुला कुठे दिसला का रे?"

मेंढपाळाने खाली बसून म्हातारीला पाठीवर घेतलं आणि चढ चढायला लागला.

दारात म्हातारीने वर ठोकलेल्या नालाकडे पाहिलं. आत जाऊन तिने पोरीच्या छातीला ऊन ऊन चरबी चोळली, लोकरीचं फडकं बांधलं, भाजलेल्या कांद्याचा रस मधातून चाटवला. दिवस मावळता मावळता पोरीने डोळे उघडले आणि पेज मागितली. बाप ढसाढसा रडला.

मग त्याने नाल उपटून म्हातारीपुढे धरला. "आजी, मी मूर्ख. माझ्या लेकीचं औषध मीच दारावर ठोकून ठेवलं होतं."

"मूर्ख कशाला? बापाचं काळीज आहे ते. नाल माझ्याही दारावर आहे. फक्त उचलण्याआधी एक हाक मारायची, कुणाचा पडलाय म्हणून."

तो आभार मानणार, तोच तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. औषधाचे आभार मानले तर गुण जातो, असं ती मानायची.

तेव्हापासून त्या बेटावर कुणाला नाल सापडला, की तो आधी टेकडीवर चढून हाक देतो. उत्तर आलं नाही तरच हातोडा हातात घेतो.

तात्पर्य: आपल्याला सापडलेलं सुदैव कुणाचं हरवलेलं तर नाही ना, हे आधी विचारावं.