शेपटाचं पाणी

हा समोर दिसतो तो नांदवणचा दगडी बंधारा. इथून निघालेला पाट तीन मैल खाली जातो. सगळीकडे पाण्याची पाळी वरच्या शेतापासून सुरू होते. आमच्याकडे ती शेपटापासून, म्हणजे पाटाच्या अगदी शेवटच्या शेतापासून सुरू होते. असं का, ते सांगतो. जरा बसू द्या, चढ आता सोसत नाही.

फार जुनी गोष्ट. गावचा मुखिया रायभान. बापामागून गादीवर बसताना त्याने महादेवापुढे बेलभंडार उचलला, असं सांगतात. पुजारी म्हणाला, "गादी देवाची, तू राखणदार. राखणदार शेवटी जेवतो." रायभानचं शेत पाटावर पहिलं. त्याने शपथ घेतली, "आधी शेपटाला पाणी, सगळ्यांत शेवटी मला. जो पाट फोडेल, त्याचं त्या साली पिकलेलं सगळं ज्याचं नुकसान झालं त्याला."

पहिली काही वर्षं बरी गेली. मग लागोपाठ तीन दुष्काळ पडले. स्वतःचा गहू वाळताना बघायचा आणि बांधाला लागून वाहणारं पाणी खाली जाऊ द्यायचं. माणूस किती दिवस सोसेल? रायभान सोसत होता. पण शेत त्याच्या एकट्याचं नव्हतं, धाकटा भाऊ सुभान भागीदार होता, आणि सुभानच्या घरी तान्हं मूल होतं.

एका दुपारी, तीन दिवस पाटाची राखण करून थकलेला रायभान बंधाऱ्यावरच झोपी गेला. सुभानने पाट फोडला. दिवस कलेपर्यंत पाणी त्यांच्याच शेतात जात राहिलं. बंधाऱ्यातलं पाणी पाटाच्या तोंडाखाली उतरलं, खाली थेंब जाईना. शेपटाला ठगूबाई नावाच्या विधवेचं शेत होतं. गहू ओंबीत आला होता, त्याला ते शेवटचं पाणी हवं होतं. चार दिवसांत निम्मा करपला.

गाव देवळापुढे जमलं. ठगूबाईने वाळक्या ओंब्या पायरीवर ठेवल्या.

"दादा, घरात तान्हं पोर आहे," सुभान म्हणाला.

रायभान म्हणाला, "आपल्या शेतातला सगळा गहू ठगूमावशीचा." आणि थोड्या वेळाने, "सुभानला शिक्षा झाली. राखणीला मी होतो आणि मी झोपलो. माझं काय?"

मुखियाला शिक्षा कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने खांद्यावर कावड घेतली. नदीच्या डोहातून दोन घागरी भरायच्या, ठगूबाईच्या उरलेल्या गव्हाला घालायच्या, परत फिरायचं. पाचव्या दिवशी तिनेच त्याला अडवलं.

"रायभान, पुरे बाबा. एवढ्याने काय भिजणार?"

"जेवढं भिजेल तेवढं, मावशी."

सातव्या दिवशी वाटेत सुभान उभा होता. त्याने भावाच्या खांद्यावरून कावड उचलली आणि आपल्या खांद्यावर घेतली. तिथून पुढे दोघांनी आळीपाळीने पाणी वाहिलं.

काही लोक म्हणतात, ठगूबाईच्या शेतात झरा फुटला. माझे आजोबा म्हणत, झराबिरा काही नाही. पाव शेत वाचलं आणि रायभानचा उजवा खांदा जन्माचा गेला, एवढंच झालं. रायभानच्या शेतातला गहू निघाला तो सगळा ठगूबाईच्या दारात पडला. तिने त्यातली दोन पोती सुभानच्या घरी पाठवली. म्हणाली, "न्याय त्याने केला, तो त्याचा धर्म. पोराला उपाशी ठेवायचं की नाही, ते मी ठरवीन."

आजही नांदवणला पाणी वाटपाचा प्रमुख निवडतात, तेव्हा त्याने पहिल्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत कावडीने शेपटाच्या शेताला पाणी घालायचं असतं. एके काळी या मानासाठी चढाओढ असे, म्हणे. यंदा सभेत कोणी मान वर केली नाही. मी एकाहत्तर वर्षांचा, नवव्यांदा कावड मीच घेतली. दुपारी जरा टेकलो, तेव्हा सून भाकरी घेऊन आली. माझे पाय बघून म्हणाली, "आप्पा, आता सोडा. मोटर आहे, पाइप आहेत. कोण बघतंय?"

मी मागे वळून पाहिलं. शेपटाच्या शेतातली चार माणसं बांधावर उभी होती, बघत. मग उठलो आणि कावड खांद्यावर घेतली.