दमानं वाचा

एका राज्यात इंद्रभान नावाचा राजा होता. राज्य सुखाचं, कोठारं भरलेली, माणसं बोलकी. बोलकी म्हणजे किती? तिथे सगळं एका दमात चालायचं. आरती एका दमात, फिर्याद एका दमात, लग्नातली मंगलाष्टकंसुद्धा एका दमात. मध्ये कुणी श्वास घेतला की लोक म्हणत, "काय हो, विसरलात वाटतं?" पाठशाळेतही तोच खाक्या. राजघराण्याची वंशावळ एका दमात म्हणून दाखवली तर मूल वरच्या वर्गात. नाही जमलं, तर पुन्हा पाटी घेऊन चिमुरड्यांत बसायचं.

राजाला एकुलती एक लेक. नाव ठेवलं तेजकळा, पण जीव बघाल तर मुठीएवढा. जन्मापासून तिच्या छातीत घरघर. जरा धावली की धाप, जरा गारठा पडला की अंथरूण. वंशावळीतल्या पणजोबांपर्यंत पोचता पोचता तिचा श्वास हमखास संपायचा. गुरू अंबुशास्त्री हळहळायचे. माणूस वाईट नव्हता हो, पण नियम म्हणजे नियम! बरोबरीच्या मुली वर गेल्या, काव्य शिकू लागल्या, आणि ही उंच झालेली पोर लहानग्यांच्या रांगेत गुडघे दुमडून बसू लागली. पोरं तिला 'तुटकी तेजू' म्हणत. ती हसून दाखवी, आणि घरी येऊन रडे.

राजाचा मात्र तिच्यावर भारी जीव. दरबार उठला की मुकुट खुंटीला टांगायचा, आल्याचा रस मधात कालवून तिला चाटवायचा आणि पोथी उघडून बसायचा. तिने एक शब्द वाचावा, मग दोघांनी थांबावं. श्वास आला की पुढचा शब्द. असं वाचता वाचता एका पोथीला अख्खा पावसाळा जाई. पण कुठला शब्द कुठे संपतो, कुठल्या शब्दाचा हात कुठल्या शब्दाच्या हातात आहे, हे तिला नेमकं कळू लागलं.

"आबा, मी वरच्या वर्गात कधी जाईन?"

"जाशील गं. घाई कुणाला आहे?"

घाई तिला होती. फार होती.

एके दिवशी डोंगरातली मांत्रिकीण घुमाई दरबारात आली. बाई थकलेली, बोलणं सावकाश. "राजा... लांबनं आले... तुला एक..." एवढं बोलून ती थांबली. दरबार खुदखुदला. प्रधान ओरडला, "म्हातारे, एका दमात बोल!" आणि राजाही हसला. तिथंच चुकलं त्याचं. घरी लेकीसाठी थांबणारा माणूस, भर दरबारात परक्या बाईसाठी थांबायला विसरला.

घुमाईने काठी आपटली. राजाची पावलं दगडाची झाली.

"माझ्या गुहेला तीन दारं हायत," ती म्हणाली. "उतारा त्यांवर कोरलाय. दमानं वाचा, म्हंजे सुटंल." मग तिची घार झाली आणि ती सज्ज्यातून उडून गेली.

दमानं! दरबाराने छात्या फुगवल्या. दम तर आमच्याकडे पोत्यांनी भरलाय! शास्त्री गेले, भाट गेले, शंख फुंकणारे गेले. पहिल्या दारावर सगळी अक्षरं एकमेकांना चिकटून कोरलेली होती. प्रत्येकाने ती एका दमात म्हटली. दार काही उघडलं नाही. उलट दर वाचनाला तिकडे राजाच्या अंगात दगड वर चढला. गुडघे गेले, कंबर गेली, आणि शेवटच्या भाटाने तर इतका जोर लावला की राजाची छाती निम्मी दगड झाली.

आता राजालाच श्वास पुरेना. लेक जवळ आली तेव्हा तो म्हणाला, "तेजू... आता कळलं गं... तुला कसं... होत असेल." तेजकळा त्याच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून उठली.

"मी जाते वाचायला."

"राजकन्ये," अंबुशास्त्री म्हणाले, "आमचा दम जिथे पुरला नाही, तिथे तू काय करशील?"

"ठाऊक नाही, शास्त्रीबुवा. पण आबा माझे आहेत."

बरोबर घेतली फक्त आपली पाळलेली साळुंकी. ही साळुंकी बोले फार, आणि तिच्या डाव्या डोळ्याला समोरचं दिसे तर उजव्याला राजवाडा, मग ती कुठेही असो. तेजकळा दर वळणावर बसे आणि साळुंकी कटकट करी, "अगं बाई, पुन्हा बसलीस? अशाने पोचणार कधी?"

चढणीवर एक बाई गाभण गाय खाली उतरवत होती. उतार भारी निसरडा. बाई गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होती, "दमानं, बाये, दमानं."

"मावशी," तेजकळा म्हणाली, "गाय गाभण आहे. तिला कशाला दम देता?"

बाई खळखळून हसली. "दम न्हाई देत, पोरी! आमच्याकडं दमानं म्हंजे सावकाश. पाय बघून, श्वास घेऊन."

तेजकळाने कपाळावर हात मारला. सगळं राज्य छाती फुगवून ओरडत राहिलं, आणि म्हातारी सांगत होती सावकाश!

पहिल्या दारावर होतं, बेडीनकोपाऊल. एका दमात म्हटलं की मंत्राला कळेना, बेडी नको की पाऊल नको, आणि बिचारा गोंधळून भलतंच करून बसे. तेजकळा म्हणाली, "बेडी नको." थांबली, श्वास घेतला. "पाऊल." दार उघडलं.

दुसऱ्यावर होतं, खडकनकोकाळीज. "खडक नको." श्वास. "काळीज." तेही उघडलं.

तिसऱ्या दारापाशी गुहेतला ओला गारठा तिच्या छातीत शिरला आणि घरघर अशी उसळली की डोळ्यांपुढे अंधारी आली. साळुंकी पंख आपटू लागली, "तेजू, दगड आता आपोआपच चढू लागलाय! गळ्यापाशी आला! म्हण पटकन, काय ते म्हण!"

समोर अक्षरं होती, दगडनकोमाणूस. पटकन म्हणता आलं असतं. उरलेल्या श्वासात बरोबर तेवढंच मावलं असतं. आणि मध्ये थांबायला जागा उरली नसती. तिकडे बाप दगड होत असताना तेजकळा खाली बसली. आयुष्यात याहून अवघड तिने काही केलं नव्हतं. साळुंकी शिव्या घालत होती, हिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती बसूनच राहिली. छातीत वारा पुरेसा भरला, तेव्हा म्हणाली, "दगड नको."

थांबली. पुरती थांबली.

"माणूस."

"हलला!" साळुंकी किंचाळली. "मान हलली! उठला गं, सिंहासनावरून उठला राजा!"

दार उघडलं. आत चुलीपाशी घुमाई बसली होती. तिने विचारलं, "असं थांबायला कुणी शिकवलं तुला?"

"आबांनी."

घुमाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "तुझ्यासाठी थांबला व्हय तो. माझ्यासाठी न्हाई थांबला."

"चुकलं त्यांचं," तेजकळा म्हणाली. "त्या दिवशी तुमचं बोलणं अर्धं राहिलं. मी ऐकते. सावकाश सांगा."

घुमाई सांगू लागली. मध्ये थांबत, श्वास घेत. "ऐकलं व्हतं... राजाच्या लेकीला... धाप लागती. हितं एक मुळी हाय... उगाळून घेतली की... छाती मोकळी हुती. तीच द्यायला... आले व्हते, बाये."

 तेजकळाने घुमाईचे पाय धरले, आणि म्हातारीने तिला उठवून पोटाशी घेतलं.

त्या मुळीने घरघर मुळापासून गेली असं नाही, पण आटोक्यात आली. राजा स्वतः डोंगर चढून घुमाईची क्षमा मागून आला. पुढे पाठशाळेत तेजकळाने वंशावळ म्हटली ती हवी तिथे थांबून. तिला लागला तेवढा वेळ सगळा दरबार उभा राहिला, अंबुशास्त्री सर्वांत पुढे. कुणी घसा खाकरला नाही, कुणी हसलं नाही. शेवटचं नाव तिच्या बापाचं होतं. ते तिने घेतलं, आणि राजा सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडला.

ती वरच्या वर्गात गेली, मग त्याहून वर गेली, आणि एके दिवशी त्याच पाठशाळेची मुख्य गुरू झाली. तिच्या वर्गात दाटीवाटीने पोरं बसत आणि कुणाचं वाक्य कुणी तोडत नसे. राजा म्हातारा झाल्यावर मागच्या भिंतीला टेकून बसे आणि लेकीचं शिकवणं ऐके. ऐकणाऱ्यांनो, सांगणारीचं सांगून झालं. तुमच्या घरातल्या लेकरांना उदंड श्वास लाभो.