आधणाची गुणगुण

"...मग सगळं येत असून मला काहीच का येत नाही, आक्का?"

टेकडीवरच्या मठात सगुणाआक्का चुलीत फुंकर घालत होत्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. पण खाली विद्यापीठात पोरं अडली, की हिचीच पायरी चढायची.

प्रणोतीनं मोबाईल पुढे केला. पदार्थविज्ञानाचं अ‍ॅप. चारशे दिवसांत एक खाडा नाही. सराव परीक्षेत राज्यात सातवी. आणि खऱ्या तोंडी परीक्षेत? सरांनी साधा प्रश्न विचारला, तर ही दगडासारखी गप्प. नापास! उद्या फेरपरीक्षा, तीही गेली तर वर्ष बुडालं.

"इतकं येतं ना? मग एक सांग," आक्का म्हणाल्या. "हे भाताचं आधण ठेवलंय. उकळी यायच्या आधी पाणी कसं घूंऽऽ करून गुणगुणतं. उकळी आली की ती गुणगुण थांबते. का गं?"

प्रणोतीनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

"...पर्याय?"

"काय?"

"म्हणजे, चार उत्तरं द्या ना. त्यातलं बरोबर मी लगेच ओळखते."

आक्का खदखदून हसल्या. "अगं बये, माझ्याकडे एक असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

प्रणोतीचे कान तापले. "अ‍ॅपमध्ये आधण नाहीये. उत्कलनबिंदू आहे."

"असेल. साठ वर्षं भात रांधतेय, पण हे काही मला उमगलं नाही. शिकव मला."

आणि आक्का खरंच पदर सावरून तिच्यापुढे मांडी घालून बसल्या. हात जोडून.

"आक्का, असं काय करता..."

"का? म्हातारीला शिकवायची लाज वाटते?"

"तळ आधी तापतो," प्रणोती चाचरत म्हणाली. "तिथं वाफेचा बुडबुडा होतो... वर निघतो..."

"मग?"

"वरचं पाणी अजून तेवढं तापलेलं नसतं. तिथं तो... मिटतो. चटकन. असे हजारो मिटतात ना, त्याचा तो आवाज."

"आणि उकळी आली की?"

प्रणोतीचे डोळे भरून आले. का, ते तिलाही कळेना.

"मग सगळंच पाणी तापलेलं असतं, आक्का. मध्येच कुणी मिटत नाही. वर पोचतात."

चुलीवरची गुणगुण थांबली होती.

"बरोबर आहे ना?"

"ते उद्या तुझ्या सरांना विचार," आक्का म्हणाल्या. "मला समजलं... घे, तांदूळ वैर."