अनशीची घसरगाडी थांबेना

एका राज्यात एक बाई घसा फुटेस्तोवर सांगत होती, आणि तिचं कुणीही खरं मानत नव्हतं. बाईचं मानतंय कोण? तिला नावानं हाक मारायची गरजसुद्धा कुणाला वाटत नसे. सगळे तिला अनशीची आई म्हणत. अनशी तिची लेक, आठ वर्षांची.

त्या राज्यात सहा महिने बर्फ. पहिला थर बसला की पोरं लाकडी घसरगाड्या डोंगरावर ओढत नेत, फळीवर बसत आणि खाली सुटत. पोटात खड्डा पडे, कान बधिर होत, डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठे. खाली गोठलेलं तळं. त्याच्याआधी टाचा रोवून थांबायचं. कुणाचे दात पडत, कुणाचा पाय मोडे, तरी लंगडत लंगडत पोरं पुन्हा वर.

त्या वर्षी अनशीनं टाचा रोवल्या, पण गाडी थांबली नाही. तळ्यावरून पलीकडे गेली, डोंगराला वळसा घालून वर आली आणि पुन्हा उतरली. ती अशी फिरतच राहिली. पण दिसे एकट्या आईला.

महीपती राजा म्हणाला, "बाई, पोर बुडाली. तेराव्याचं बघ."

"बुडाली नाही, महाराज. आत्ता तुमच्या नाकासमोरून गेली."

शेजारीण म्हणाली, "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय."

"माझ्या डोक्याचं मी बघते. तू तुझी भाकरी बघ, करपली."

पहिल्या दिवशी अनशी हसत गेली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, पाय गार पडले गं." नंतर नुसते ओठ हलत. हिवाळा सरत आला. पंधरा दिवसांत ऊन चढणार होतं, तळं फुटणार होतं, आणि गाडी तर तळ्यावरूनच जात होती.

आई जोगदंड मांत्रिकाच्या गुहेत गेली.

"पोर जिवंत आहे," तो म्हणाला. खरं मानणारा तो पहिलाच. "धरायची तर तीन कामं."

"सांग. उपदेश नको."

"शापित खजिन्यातला लोखंडी आकडा आण. तुझ्या केसांचा दोर वळ. तो बर्फातल्या वाघिणीच्या दुधात भिजव."

खजिन्यात सोन्याला शिवलेलं सोनं होत असे. तिची करंगळी लागली, सोन्याची झाली. तिनं ती दगडानं तोडून तिथंच टाकली आणि आकडा घेऊन निघाली. डोकं भादरलं, दोर वळला. वाघीण म्हणाली, "माझी पिल्लं उपाशी राहतील."

"निम्मंच घेते."

"घे."

आईनं भिजवलेल्या दोराला बांधून आकडा फेकला. तो गाडीत रुतला, दोर तुटला नाही. पण गाडीनं तिलाच डोंगराभोवती फरफटत नेलं आणि पुन्हा तिथंच आणून टाकलं.

वाळक्या झाडावर साळुंकी बसली होती. ती बोलली, "दोरानं शाप थांबत नाही, नावानं थांबतो. या उताराचा रिवाज काय?"

"पहिली गाडी डोंगराची. ज्या घराची पाळी, त्यानं वाळूचं पोतं ठेवून सोडायची. मग पोरं."

"यंदा पोतं गेलं नाही. डोंगरानं पहिली आली ती घेतली. पोतं ज्यानं ठेवलं नाही, त्याचं नाव मोठ्यानं घे. चुकलीस तर गाडी दुप्पट धावेल. तीनदाच घेता येईल."

"जोगदंड! मांत्रिक असून त्याला कळू नये?"

गाडी दुप्पट धावली.

"महीपती! राजानं पहारा ठेवायला नको?"

गाडी चौपट धावली. तळं करकरलं. अनशीचा एक हात फळीवरून सुटला.

"एकदाच उरलं," साळुंकी म्हणाली.

आई खाली बसली. पाळी तिच्याच घराची होती. त्या दिवशी पोतं भरून दाराशी तयार होतं. तेवढ्यात अनशीनं पदर धरला, "आई, आज मी पहिली! सगळ्या पोरी बघतील." आईला वाटलं, वाळूच ती, तिला कसला मान? एक दिवस माझी लेक पहिली जाऊ दे. तिनंच पोतं पायानं सारलं, तिनंच डोंगरावर पोरीच्या पाठीला दोन्ही हात लावून ढकललं. हे तिनं ना राजाला सांगितलं, ना मांत्रिकाला.

गाडी कड्यावर दिसली. तळ्याची कड तुटली. आई उठली आणि साऱ्या राज्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं स्वतःचं नाव घेतलं.

गाडी काठावर थांबली. आता ती सगळ्यांना दिसली. अनशी उतरली. पावलं काळीनिळी, केस पांढरे. आईनं हात पसरले. अनशी लांबूनच बघत राहिली, मग हळूहळू आली. तिच्यामागं तळं फुटलं आणि रिकामी गाडी खाली गेली.

पुढल्या हिवाळ्यापासून वाळूचं पोतं पुन्हा पहिलं जाऊ लागलं. पोतं सोडताना दोषीचं नाव पुकारायचं, असं ठरलं. राजा तिला म्हणाला, "बाई, तू पुष्कळ भोगलंस. तुझं नाव वगळू."

"पुकारा," ती म्हणाली. "मोठ्यानं पुकारा. पोरांच्या आयांना ऐकू जाऊ दे."

तेव्हापासून तिला अनशीची आई कुणी म्हणत नाही. वरून पोतं सुटतं आणि उतारावर एक नाव घुमतं: धुरपता.